टापा ऐकणारा नालबंद

चिंचवड स्टेशनावर माझा टांगा असे. घोडीच्या पुढच्या पायाची शीर सुजली, तेव्हा डाग द्यायला मी सळई तापवली. देहूरोडला निघालेल्या एका म्हाताऱ्या नालबंदाने ती हिसकावून पाण्यात बुडवली. “जाळून शीर जुळत न्हाई, राव. रोज सकाळी पवनेच्या गार पाण्यात उभी करा.”

दर शुक्रवारी नमाजानंतर तो येई, पालथ्या हाताने पायाची ऊब बघे. सूज उतरताच मी जुंपायला निघालो, तर खेकसला, “शीर अजून कच्ची हाय!”

पावसाळा सरल्यावर त्याने मला घोडी दुडक्या चालीने पळवायला लावलं आणि स्वतः पाठ फिरवून टापा ऐकल्या. “चारी पाय सारखे पडत्यात. जुंपा.”

माझा जीव भांड्यात पडला. तो मात्र पाठमोराच. “अजून एकदा पळवा,” म्हणाला, “आता नुसतं ऐकायला.”