वरच्या घरांचे वाटे

आमच्या वाडीत देवाला बोकड दिला की अकरा घरांचे अकरा वाटे सागाच्या पानांवर मांडतात. कुणावर अन्याय नको म्हणून एकाने तोंड फिरवून बसायचं. मागून कापणारा एकेका पानावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" आपण न बघता घर सांगायचं. सासूनंतर ते काम माझ्याकडे आलं. केवढा तोरा होता मला त्याचा!

गेल्या वर्षी बोकड झाला आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यावर बांध घालायचा होता. सगळी वाडी लागते त्याला, तेव्हा कुठे माझ्या वालाला पाणी मिळतं. खालच्या पाच घरांतलं कुणीच आलं नाही. वरच्या चार म्हाताऱ्यांनी काय दगड हलतात? मी सगळ्यात खालच्या घरी गेले. सून भांडी घासत होती.

"काय गो, बांधावर का नाय आलात?"

"मांडी ज्यांनी खाल्ली त्यांनी दगड उचलावे, काकी."

तिने कोपऱ्यातलं पान पुढे सरकवलं. कातडी, नळ्या, फुप्फुसाचा काळपट गोळा, वर माश्या. "कुत्र्याला ठेवलंय. दरवर्षी हेच येतंय आमाला."

"अगो, मी तर बघत पण नाय!"

"बघायला कशाला लागतंय? तू नावं घेतेस ती वरच्या घरापासून खाली, ओळीने. मग कापणारा पण चांगल्या पानावर आधी बोट ठेवतो."

कापणारा म्हणजे माझा चुलत दीर. त्याचं घर सगळ्यात वर, माझं वरून दुसरं. दरवर्षी कलेजी यायची आणि मी म्हणायचे, देवाची कृपा! शी!

दिराला विचारलं तर दात कोरत म्हणतो कसा, "वैनी, इतकी वर्षं खाल्लंत, तेव्हा नाय कळलं?"

थुंकावंसं वाटलं. पण कुणावर, सांगा?

बांध झालाच नाही. वाल करपला.

यंदा मी तोंड फिरवून बसले आणि पहिलं नाव खालच्या घराचं घेतलं. मग मधलं, मग परत खालचं. मागे पानावरचं बोट थांबलं.

"वैनी, नीट घ्या की नावं."

"नीटच घेतेय. तुमी विचारा, हा कुणाचा?"

दिराच्या घराचं नाव मी शेवटी घेतलं, फुप्फुस तिकडे गेलं. दुसऱ्या दिवशी बांधावर खालची तीन घरं आली. दोन अजून येत नाहीत. त्यांना बोलवायला मी गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? माझ्या पानावर काय आलं होतं तेही पाहिलं नाही, उचलून तसंच त्या सुनेला दिलं. मटण आता मला शिजवतानाच वास मारतं.