फी कुणी मागायची नाही

केंटकीच्या डोंगरांत ब्लेअर फोर्क नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कुलात आर्डिथ स्टिडम यांनी अठ्ठावीस वर्षं कँटीनचा गल्ला सांभाळला, रांधलं-वाढलंही. मुलं ताट घेऊन यायची आणि यंत्रावर आपला क्रमांक दाबायची. मग कुणाचं जेवण फुकट, कुणाचं निम्म्या दरात आणि कुणाचं पुऱ्या पैशांत, ते आर्डिथबाईंच्या पडद्यावर उमटायचं. पहिल्याच वर्षी त्यांनी तो पडदा भिंतीकडे वळवून घेतला. साहेबांनी विचारलं तर म्हणायच्या, "डोळ्यांवर उजेड येतो हो." मागच्या मुलाला पुढच्याचं काही दिसू नये, हे खरं कारण त्या कुणाला सांगत बसल्या नाहीत.

मग कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या आणि अर्धं गाव रिकाम्या हातानं घरी बसलं. तेव्हा सरकारनं ठरवलं की या शाळेत आता सरसकट सगळ्यांनाच जेवण फुकट. अर्ज नको, क्रमांक नको. त्या आठवड्यात आर्डिथबाईंनी एक गोष्ट पाहिली. वर्षानुवर्षं दुपारी 'अभ्यास आहे' म्हणून लायब्ररीत जाऊन बसणाऱ्या मुली ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या. मक्याच्या पावाचे तीन तवे जास्तीचे लावावे लागले.

घरी गेल्यावर त्या नवऱ्याला, लोवेलला, म्हणाल्या, "पोरं उपाशी आहेत हे मला माहीत होतं रे. पण लाजेपायी इतकी उपाशी आहेत, हे नव्हतं माहीत."

लोवेलच्या छातीत खाणीची धूळ बसली होती. तो ऑक्सिजनच्या नळीतून श्वास घेत नुसता मान हलवत राहिला. पुढच्या हिवाळ्यात तो गेला.

त्यानंतरच्या मार्चची गोष्ट. केल्विन प्रेटर हा गणिताचा मास्तर याच शाळेत शिकलेला, आर्डिथबाईंच्याच हातचं खाऊन वाढलेला. एका दुपारी तो ताट न घेताच रांगेच्या टोकाशी येऊन उभा राहिला.

"काय रे, बायकोनं डबा दिलाय की भांडण झालंय?"

"भूक नाही, मिस आर्डिथ." इकडे मानाच्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात.

"मग भांडणच."

तो हसला नाही. त्याच्या वर्गात कॉलेजचं गणित शिकवलं जायचं. वर्षभर शिकायचं आणि मे महिन्यात परीक्षा द्यायची. चांगले गुण पडले तर कॉलेजात तो विषय झाला असं धरलं जातं, त्याची फी वाचते, वेळही वाचतो. पण परीक्षेची फी नव्वद डॉलरच्या वर होती. वर्गात एकोणीस मुलं, आणि परीक्षेला नावं दिली होती फक्त सात जणांनी.

"कॉडिलांच्या रेलिननंसुद्धा नाही दिलं," केल्विन म्हणाला.

"ती ताटाखाली वही ठेवते ती?"

"तीच. तिला माझ्यापेक्षा बरं गणित येतं. विचारलं तर म्हणते, त्या दिवशी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. परीक्षेला अजून दोन महिने आहेत, मिस आर्डिथ! दोन महिने आधी कुणाचा दात दुखतो?"

आर्डिथबाईंनी ऐकून घेतलं आणि त्याच्या हातात बीन्सची वाटी ठेवली. "खा आधी. मग बघू."

दोन आठवड्यांनी आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये या फीसाठी केकचा लिलाव झाला. या डोंगरांत कुणाचं घर जळलं, कुणाचं ऑपरेशन निघालं की असा लिलाव होतो. बायका केक करून आणतात, पुरुष त्यावर बोली लावतात. बावीस केक आले. आर्डिथबाईंनी ब्लॅकबेरीच्या मुरंब्याचा केला होता. टायरच्या दुकानाचा मालक गॅरेट स्लोन उठून थेट दोनशे डॉलर म्हणाला.

"खाली बस, गॅरेट!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुझी साखर वाढलीय, केक कुणाला चारणार?"

"मी वास घेईन नुसता. नववीत असताना मिस आर्डिथ मला रोज दोन पाव द्यायच्या."

"मी कधी दिले?" आर्डिथबाई जागेवरून म्हणाल्या. "तू उचलायचास. मी फक्त दुसरीकडे बघायचे."

हॉलमध्ये हशा उसळला, आणि गॅरेटनं अडीचशे केले.

बावीस केकांची सगळी रक्कम आर्डिथबाईंनी मोठ्या अभिमानानं शाळेच्या ऑफिसात नेऊन दिली. शाळेनं सूचना लावली: ज्यांना परीक्षेच्या फीसाठी मदत हवी, त्यांनी ऑफिसच्या खिडकीतून अर्ज घ्यावा, घरचं उत्पन्न लिहून पालकांची सही आणावी. दहा दिवसांत अर्ज आले दोन.

आर्डिथबाईंना झोंबलं ते. लोकांनी दिलेले पैसे कपाटात पडलेत आणि पोरं येत नाहीत. एका रविवारी चर्चमधून परतताना त्यांनी गाडी थेट कॉडिलांच्या घराकडे वळवली. रेलिनचा बाप ड्वेन ओसरीवर करवतीला धार लावत होता. खाणीतलं काम सुटून त्याला दीड वर्ष झालं होतं. त्यानं खुर्ची पुढे केली, थंड चहा आणायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं.

"मिस आर्डिथ, तुमच्याविषयी मला आदर आहे," तो म्हणाला. "पण माझ्या घरात किती येतं आणि किती येत नाही, ते कागदावर लिहून मी शाळेच्या खिडकीत द्यायला जाणार नाही. त्या खिडकीमागे माझी मेहुणी बसते."

"पोरीचं नुकसान होतंय, ड्वेन."

"ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

रेलिन दारात उभी होती. चहाचा ग्लास ठेवून आत गेली.

परतीच्या वाटेवर आर्डिथबाई आधी चिडल्या. मग त्यांना आठवलं की लोवेल अंथरुणाला खिळलेला असताना चर्चच्या बायका शिध्याची खोकी घेऊन दाराशी आल्या होत्या, आणि घरात फक्त ओटचं पीठ उरलं असताना आपण त्यांना म्हणालो होतो, "आमच्याकडे भरपूर आहे, गरजवंतांना द्या." त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि मनातल्या मनात ड्वेनची माफी मागितली. मग तिथेच बसून त्या विचार करू लागल्या. जेवण सगळ्यांनाच फुकट झालं तेव्हा लायब्ररीतल्या मुली आपणहून रांगेत आल्या होत्या. त्यांना कुणी बोलवायला गेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्या मुख्याध्यापिका व्हर्ना होलब्रुक यांच्यासमोर उभ्या राहिल्या, अंगात कँटीनचा ॲप्रन तसाच.

"बाई, अर्ज काढून टाका."

"कुठला अर्ज?"

"फीचा. जो वर्गात बसलाय त्याची फी भरलेली. एकोणीसच्या एकोणीस. कुणाला काही विचारायचं नाही."

होलब्रुकबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे डॉक्टर मॅगार्डच्या मुलीचीही? आर्डिथ, तो माणूस गावातल्या निम्म्या दातांवर घर बांधून बसलाय."

"तिला मी वेगळे बीन्स वाढते का? तिचं सोडून बाकीच्यांचं भरलं, तर बाकीचे कोण ते सगळ्यांना कळलंच की."

होलब्रुकबाईंनी टेबलावरची नावांची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "ज्या सात जणांनी आधीच भरलेत त्यांना परत द्यावे लागतील. तेवढं पुरतंय का?"

पुरत नव्हतं. सहाएकशे कमी पडत होते. पण पैसे परत न्या म्हणून सात घरांना निरोप गेला, तेव्हा चौघांनी कळवलं की असू द्या तिथेच. त्यांत डॉक्टर मॅगार्ड होते. उरलेला खड्डा होलब्रुकबाईंनी कसा भरला ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वर्गात केल्विननं एवढंच सांगितलं, "परीक्षा मंगळवारी, पाच मेला. सगळ्यांची. पेन्सिली आणा."

"आणि फी?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"भरलेली आहे."

"कुणी?"

"शाळेनं. पान एकशे बारा उघडा."

रेलिननं पान उघडलं. केल्विननं नंतर आर्डिथबाईंना सांगितलं की त्या तासाला तिनं एकही गणित सोडवलं नाही. नुसती पानाकडे बघत बसली होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

परीक्षेच्या सकाळी आर्डिथबाई साडेपाचलाच कँटीनमध्ये गेल्या. अंडी, गरम बिस्किटं, म्हणजे इकडचे मऊ छोटे पाव, आणि त्यावर रस्सा. एकोणीस जणांना बसवून वाढलं. रेलिनचा घास घशाखाली उतरेना. आर्डिथबाईंनी बिस्किटात सॉसेज घातलं, कागदात गुंडाळलं आणि तिच्या हातात कोंबलं. "मधल्या सुट्टीत खा. आणि दात कसा आहे गं आता?"

पोरगी आधी दचकली, मग इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी ड्वेन कॉडिल आर्डिथबाईंच्या अंगणात आला. हातात कागदी पिशवी, पिशवीत रानातली अळंबी. इकडे तिला 'कोरड्या जमिनीवरचे मासे' म्हणतात, आणि ती कुठे उगवते ते माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही.

"इकडून चाललोच होतो," तो म्हणाला.

"हा रस्ता पुढे कुठेच जात नाही, ड्वेन."

"म्हणून तर इथे थांबलो." त्यानं पिशवी कठड्यावर ठेवली. "घ्यायची असेल तर अर्ज भरावा लागेल. घरात तेल किती, मीठ किती, सगळं लिहून."

"पळ इथून!" आर्डिथबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले. फीचं नाव त्यानं काढलं नाही, त्यांनीही नाही. तो गेल्यावर त्यांनी अळंबी तुपावर परतली आणि चवीनं खाल्ली. लोवेल गेल्यापासून इतकं चवीनं त्या पहिल्यांदाच जेवल्या.

जुलैत निकाल लागला. अकरा जणांना कॉलेजात चालतील असे गुण मिळाले, आठ जणांना नाही. रेलिनला पाचपैकी पाच. चर्चच्या पायऱ्यांवर एक गृहस्थ म्हणालेच, "आठ जणांची फी पाण्यात गेली की, मिस आर्डिथ."

त्यांना उत्तर आर्डिथबाईंना द्यावं लागलं नाही. त्या आठांतली टॅबिथा नोबल शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "माझी गेली, काका. पण तीन तास बसून पेपर लिहिला मी. आमच्या घरात आजवर कुणी एवढा वेळ बसून काही लिहिलं नव्हतं." पुढच्या वर्षी तिनं इतिहासाचा पेपर दिला आणि त्यात तिला चार पडले.

लिलाव दर वसंतात होत राहिला. आर्डिथबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी मुलांनी त्यांना बोलायला उभं केलं. त्यांना भाषण येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही घेतलंत, म्हणून मला देता आलं. नाही म्हणाला असतात तर मी काय केलं असतं? तुमचे उपकार आहेत," आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही, ते मुलांना क्षणभर कळलं नाही.

आता शाळा ती फी आपल्याच खर्चात धरते. लिलावाच्या पैशातून मुलांना परीक्षेच्या केंद्रांवर न्यायची गाडी ठरवतात. रेलिन शिकून जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्यात इंजिनिअर झाली. आर्डिथबाईंच्या नळाचा दाब कमी झाला की ती स्वतः येते. "माणूस पाठवला असतास तरी चाललं असतं," असं त्या दर वेळी म्हणतात आणि दर वेळी तिला जेवायला ठेवून घेतात.

गेल्या मे महिन्यात आर्डिथबाई किराणा आणायला गेल्या होत्या. दुकानात सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी सामान पिशवीत भरत होती. डोळे तांबारलेले, बोटांना पेन्सिलीचं शिसं.

"दमलीस का गं?"

"आज गणिताचा मोठा पेपर होता. कॉलेजचा."

"अगंबाई! फी बरीच असेल ना त्याची?"

मुलीनं अंडी वरच्या बाजूला ठेवली आणि नवलानं त्यांच्याकडे पाहिलं. "फी? परीक्षेला कसली फी?"

"हो का," आर्डिथबाई म्हणाल्या. "नसेल, नसेल."

पिशवी गाडीत ठेवून त्या जरा वेळ तशाच बसून राहिल्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग एकेकाचं नाव घेत त्यांनी देवाचे आभार मानले. गॅरेट, केल्विन, होलब्रुकबाई, डॉक्टर मॅगार्ड, ड्वेन. यादी लांबली. तोवर मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला, तशी त्यांनी गाडी सुरू केली आणि घरी निघाल्या.