गुळाच्या काट्यावर हवालदार

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, गड्यांनो, मागनं मधी बोलायचं न्हाई! असला गाढवपना मी उभ्या जन्मात एकदाच केला. आन् केला तो बी चारचौघांत, छाती काढून, परेडच्या आवाजात.

पन एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. माजं तत्त्व चुकलं नव्हतं. मानसानं पथ्य करावं, जरूर करावं, पन पथ्याला सुट्टी पायजे म्हंजे पायजे! जवानाला रविवार असतो. बैलाला बेंदूर असतो. मग पोटानंच काय घोडं मारलंय? सांगा की!

तर झालं असं. लढाई संपून दोन-तीन वरसं झाली हुती. मी फौजंत हवालदार, आन् माज्या ताब्यात काय, तर लंगरच्या, म्हंजे जवानांच्या सैपाकघराच्या, राशनचं कोठार. आता तुपाच्या डब्यांत बसून कोन वाळलंय का? बघता बघता मी चौऱ्याऐंशी किलोवर गेलो. आन् नेमकी तवाच माजी नायब सुभेदाराची बढती आली.

आमचा डाक्टर कप्तान म्हंजे शेवग्याची शेंग. त्येनं मला काट्यावर उभा केला, आकडा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला.

"हवालदार, दो महीने की छुट्टी जा रहे हो ना? चौहत्तर किलो पर वापस आना. नहीं तो प्रमोशन पीछेवाले को जाएगा."

पीछेवाला कोन? माज्याच हाताखालचा एक नाईक, नुकता हवालदार झाल्याला. त्येला बुटाची नाडी बांधायला मी शिकवली! उद्या त्येला मी सलाम ठोकायचा? आवं, त्यापरास हिरीत उडी बरी!

डाक्टरनं एक छापील कागद दिला. चपातीत किती कॅलरी, अंड्यात किती, दुधात किती. दिवसाला सोळाशेच्या वर जायचं न्हाई. वर एक वही दिली. रोज जे खाशील ते हिच्यात लिवायचं, आन् आल्यावर दाखवायचं.

मी इचारलं, "साहेब, हप्त्यातनं एखांदा दिस सूट?"

"एक दिन… थोडा-बहुत चलेगा."

त्यातलं 'एक दिन चलेगा' तेवढं मी घरला घेऊन आलो. 'थोडा-बहुत' तिकडंच ऱ्हायलं.

आमचं गाव पलूस-कुंडलच्या पट्ट्यात. चारी अंगाला ऊस, गुऱ्हाळं चालू. मी घरात पाय ठेवला, पानी प्यालो आन् बायकूला, शालनला, कागद वाचून दाखवला. ती चुलीम्होरं बसून ऐकत हुती.

"आवं, पन ही कॅलरी दिसती कशी? दान्यावानी का पिठावानी?"

"दिसत न्हाई ती. आत असती."

"मग मोजायची कशी?"

"कागदात लिवलंय तसं मोजायचं!"

"बरं. आन् मोजून तुमचं भागनार हाय?"

लय तोंडाळ बाई! पन पयलं सहा दिस तिनं इमानदारीनं सांभाळलं. दीड भाकरी, बिनतेलाची दोडक्याची भाजी, ताक. मी बी वहीत सगळं लिवत गेलो. सहाव्या दिशी तर सपनात मला डाक्टर दिसला, आन् मला त्यो बी शिजवून खावासा वाटला.

सातवा दिस उजाडला आन् नेमकी मामाच्या गावची यात्रा!

आता चैतातली यात्रा म्हंजे काय, हे तुमास्नी काय सांगाय पायजे? बोकड कापल्यालं, भाकरीच्या चळती लागल्याल्या, तांबडा रस्सा असा की कपाळावर घाम यावा. आन् यात्रंचं जेवान चुकवलं तर पाव्हना वरीसभर तोंड बघत न्हाई. मी गेलो. बसलो. किती वाट्या रस्सा झाला त्ये मामीलाच ठावं. रातच्याला वही काढली आन् बघतो तर काय, डाक्टरच्या कागदात 'मटन, एक वाटी' असं लिवल्यालं. आमच्याकडं वाटीनं कोन मोजतं? मी वहीत लिवलं, 'यात्रा. सूट.' आन् गप झोपलो.

दुसऱ्या दिशी वजन बघायचं हुतं. गावात वजनाचा मोटा काटा एकच, अण्णाच्या वखारीतला. हा अण्णा गुळाचा व्यापारी. शेतकऱ्यांच्या ढेपा त्यो तिथंच तोलून घ्यायचा. मी म्हनलं, "अण्णा, जरा मला बी तोल की."

अण्णानं दांडीवरचं वजन सरकवलं. "ऐंशी!"

चार किलो कमी! एका हप्त्यात! आन् मधी यात्रा जेवून!

मी पळतच घरला. "शालन, बघितलंस? मटन खाऊन वजन उतरलं!"

"मटन खाऊन वाळल्यालं मानूस मी अजून बघितलं न्हाई."

"आगं, शास्त्र हाय ते! सहा दिस पोटाला दाबायचं, सातव्या दिशी सोडायचं. पोट बेसावध ऱ्हातं, तवर चरबी निसटती!"

ह्ये शास्त्र मला कुनी शिकवलं? कुनी न्हाई. मी तिथंच उभ्या-उभ्या काढलं.

"काट्यावरचं ऱ्हाऊ द्या," शालन म्हनली. "कमरंच्या पट्ट्याकडं बघा. एक भोक म्होरं सरकलाय त्यो."

"चामडं आकसतं उन्हानं!"

आता तुमीच बघा, यात्रा काय एकच असती? आज ह्या गावची, उद्या त्या गावची, परवा तिसऱ्याच गावची. मामा कुंडलला, बहीन पलूसला, सासुरवाडी फलटनकडं, मावशी, चुलत्या, साडू, साडूचा भाऊ. फौजंतला मानूस वरसानं गावी आल्याला, त्येला कोन सोडतंय? आन् मी दुसरं एक बघून ठेवलं हुतं. दुसऱ्या हप्त्यात मी पाच यात्रा जेवलो, तरी अण्णाचा काटा म्हनला अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्यात सहा जेवलो, काटा म्हनला सत्त्याहत्तर. मग मला सांगा, शास्त्र खरं का खोटं?

मग मी मागं बघितलंच न्हाई. यात्रा नसंल त्या दिशी कुनाचं तरी बारसं, कुनाची सुपारी, कुनाच्या गुऱ्हाळात काकवी आन् गरम गूळ. वहीत आपलं एकच. 'सूट. सूट. सूट.' शनिवारी वखारीत जायचं, ढेपा घेऊन आल्याल्या लोकांम्होरं काट्यावर चढायचं, आन् अण्णा मोट्यांदी आरडायचा, "हवालदार, पंच्याहत्तर!" सहाव्या शनिवारी त्यो आरडला, "चौऱ्याहत्तर!" डाक्टरचा आकडा! मी शालनला म्हनलं, "नायब सुभेदारीन बाई, आता पेढे वाटायची तयारी करा."

ती कपाळाला हात लावून बसली.

फक्त एक अडचन झाली. फौजंत जायची पँट कमरंला लागंना. मी शिवन्या उसवून घ्याय दस्तगीरकडं गेलो. दस्तगीर आमच्या गावचा शिंपी, त्येचं दुकान वखारीला लागूनच. त्येनं टेप लावला, आकडा बघितला आन् शिवन उसवाय घेतली. एकदा सैल केली, दोनदा केली, तिसऱ्यांदा शिवनीतलं कापडच सरलं. तवा त्येनं हिरव्या पँटीला मागनं खाकी पट्टी जोडली.

"दस्तगीर, कापड लय आटलं बग धुन्यात," मी म्हनलं.

"व्हय की," दस्तगीर म्हनला. "मोटं कापड हाय. आटतंय."

भला मानूस!

छुट्टी संपाय आठ दिस ऱ्हायलं हुतं. त्या शनिवारी मी वखारीत गेलो तर ही गर्दी! गणूनाना, आमच्यातला सगळ्यात जुना ऊसवाला, अण्णाच्या म्होरं काठी आपटत हुता.

"घरनं निघताना तीस किलोच्या साच्यातली ढेप. हितं पंचवीस भरती. पाच किलो काय वाटंत मुंग्यांनी खाल्ली व्हय रं?"

"नाना, ओला गूळ वाळतो, वजन उतरतं," अण्णा म्हनला.

"बैलगाडीत अर्ध्या तासात वाळतो?"

सगळी आरडाय लागली. काटा खोटा, काटा खोटा! काटा खोटा? मग माजं चौऱ्याहत्तर? माजी बढती? त्यो नाडीवाला नाईक? न्हाई, न्हाई! काटा खरा असायलाच पायजे हुता!

तेवढ्यात अण्णानं मला बघितलं. "ह्यो बघा हवालदार आला! सरकारी मानूस, फौजी मानूस. इचारा त्येलाच. त्यो दर शनिवारी चढतो ह्या काट्यावर."

सगळी माज्याकडं वळली. शहान्या मानसानं काय केलं असतं? "मला म्हैत न्हाई" म्हनून घरला गेला असता. मी काय केलं? सरळ पायरीवर चढलो आन् सावधान उभा ऱ्हायलो!

"मंडळी! फौजी मानूस खोटं बोलत न्हाई. ह्यो काटा सोळा आने खरा हाय. आन् मी म्होरं उभा हाय त्येचा पुरावा! फौजंतनं निघालो तवा मी चौऱ्याऐंशी किलो हुतो. दोन म्हैनं पथ्य केलं. आता बघा!"

मी काट्यावर चढलो. अण्णानं वजन सरकवलं.

"चौऱ्याहत्तर!"

"ऐकलं? दहा किलो उतरलोय मी! काटा खोटा असता तर हे झालं असतं का?"

मला वाटलं, जिंकलो.

गणूनाना काठी टेकत म्होरं आला. माज्या पायापास्नं डोक्यापतोर बघितलं. मग मधी परत एकदा बघितलं. बराच येळ बघितलं.

"हवालदार, जरा आडवा हो."

मी परेडीत करतात तसा दाहिने मुड केला.

"आता पाठ फिरव."

फिरवली. आन् मागनं कुनीतरी फिस्सकन हसलं. खाकी पट्टी!

"दस्तगीर!" नानानं हाक मारली. "ही पट्टी तूच लावलीस न्हवं?"

दस्तगीर दुकानातनं टेप गळ्यात घालून आला. बिचारा लय अवघडला. "माफ करा हवालदारसाब. नाना इचारत्यात म्हनून सांगतो. दोन म्हैन्यात तीनदा पँट सैल केली. कंबर चार इंच वाढलीया."

"कापड आटलंय!" मी वराडलो.

"साब, कापड आटंल. टेप कसा आटंल?"

मग जो काय हशा उसळला म्हनता! नाना तर काठी सोडून खालीच बसला. "आरं, ह्यो गडी फुगून हंडा झालाय आन् काटा म्हनतो दहा किलो उतरला! मग आमच्या गुळाचं काय केलं असंल रं ह्या काट्यानं?"

तरी मी काट्यावरनं उतरलो न्हाई! मी म्हनलं, माजी चरबी आतनं उतरलीया, भायेरनं दिसत न्हाई! पन तवर दोघांनी सोसायटीतनं खताची सीलबंद पिशवी आनली, वर छापल्यालं, पन्नास किलो. मला दंडाला धरून खाली घेतलं आन् पिशवी वर ठेवली.

बेचाळीस.

अण्णा "पानी पिऊन येतो" म्हनून आत गेला त्यो दिस मावळंपतोर भायेर आला न्हाई. आला तवा त्येनं कबूल केलं. हंगाम चढंल तशी त्यो काट्याची दांडी थोडी-थोडी बिघडवत गेला हुता. मी जसा वाढलो तसा त्येचा काटा उतरत गेला! ज्येचा ज्येचा गूळ कमी भरला हुता त्येला त्येला त्यो परत मिळाला. मला बी माजं परत मिळालं. चौदा किलो, एकदम!

गाव मात्र माज्यावर खूश. नाना ज्येला भेटंल त्येला सांगायचा, हवालदाराच्या पोटानं चोर धरून दिला. तिसऱ्या दिशी आमच्याच गावची यात्रा. नानानं मला फेटा बांधला, पयल्या पंगतीला बसवलं आन् स्वतः वाढाय उभा ऱ्हायला. आता तुमीच सांगा, फेटा बांधल्यावर मानूस दीड भाकरीवर उठतो का?

शालन स्टँडवर सोडाय आली तवा म्हनली, "आवं, डाक्टरला खरं सांगा. रडू नगा."

रडतोय कशाला! मी ताठ गेलो. डाक्टरनं काट्यावर चढवलं. अठ्ठ्याऐंशी. मी म्हनलं, "साहेब, आधी काटा तपासून घ्या." त्येनं कोठारातनं सीलबंद पोतं मागवलं. पन्नासचं पोतं पन्नासच भरलं. माज्या बढतीच्या कागदावर त्येनं लाल रेघ मारली, आन् त्या सालात मी त्या नाडीवाल्याला सलाम ठोकला. ठोकला! काय करतो?

पन त्या दिशी मी गप बसलो न्हाई. डाक्टरला म्हनलं, साहेब, बढती गेली तर गेली, पन सूट पायजेच. नुसत्या पथ्यानं मानूस मनातनं खचतो. पाव्हन्याचं ताट लोटायचं म्हंजे मानसाला लोटायचं. तुमच्या कागदात त्येची कॅलरी कुटं लिवलीया?

डाक्टरनं शांतपने सगळं ऐकून घेतलं. मग वही मागितली. मी एकेक पान उलगडून सांगत गेलो. ही मामाची यात्रा, सूट. ही बहिनीची, सूट. ही साडूच्या भावाची, सूट. ह्ये बारसं, ही सुपारी, ह्यो गरम गूळ. त्यो मान हलवत गेला. शेवटाला त्येनं परत पयल्यापास्नं पानं चाळली आन् दोडक्याची भाजी लिवल्याल्या पानांवर बोट ठेवून मोजली. नऊ भरली.

चष्मा काढून माज्याकडं लय काळजीनं बघत म्हनला, "हवालदार, बाकी सब समझ गया. पर ये बीच-बीच में नौ दिन परहेज क्यों किया? तबीयत खराब थी क्या?"