पत्रिकेच्या तळाची ओळ

सांगलीच्या मार्केट यार्डामागे एका काकांचं लग्नपत्रिका छापायचं छोटं दुकान आहे. साठी उलटली, लग्न केलं नाही, दुकानामागच्या खोलीतच एकटे राहतात. आलेल्या माणसाचं आडनाव आधी कॉम्प्युटरवर शोधायचं आणि मग खुर्ची फिरवून म्हणायचं, “आवं, तुमच्या थोरल्या बहिणीची पत्रिका मीच केलेली की!” ही त्यांची सवय. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. खरं सांगायचं तर त्यांचा फोन आला की मला कंटाळाच यायचा, कारण काम झालं तरी ते उठू देत नसत.

परवा त्यांचं मशीन फारच रखडत होतं. शोधायला सोपं जावं म्हणून ते प्रत्येक पत्रिकेतला शब्दन् शब्द वाचून नोंदवत बसलं होतं. मी म्हटलं, “काका, फायलीचं नाव तेवढंच शोधू दे त्याला. पळायला लागेल बघा.”

“कर की गड्या.”

मशीन पळायला लागलं. ते बघायला म्हणून त्यांनी नेहमीसारखं स्वतःचं नाव टाईप केलं. एरवी त्या नावावर हजारो पत्रिका धडाधड यायच्या, कारण प्रत्येकीच्या तळाशी बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव असायचं. फायलींना मात्र नावं नवरानवरीची. आता स्क्रीनवर काहीच आलं नाही.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा टाईप केलं.

“पयल्यासारखंच कर,” ते हळूच म्हणाले. “रखडू दे. मला कुठं जायाचं हाय?”