जोडावरचा दोरा

ती केस आठवली की अजूनही कानाच्या पाळ्या तापतात. नोकरीत खुनांचे तपास केले, दरोडेखोर धरले, ते सगळं मी चारचौघांत छाती काढून सांगतो. ही केस मात्र घरीसुद्धा कधी धड सांगितली नाही. गुन्हा साधा अपघाताचा होता. लाज वाटली ती आरोपीची नाही, आपल्या माणसाची.

रायपूरच्या मध्यभागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एका संध्याकाळी अंधार पडल्यावर समता कॉलनीच्या वळणावर एक शिक्षिका स्कूटीवरून जाताना पुढच्या पिकअपवर मागून आदळल्या. पिकअप जुनी होती. टेंट हाउसचे, म्हणजे मंडपवाल्याचे, लोखंडी पाइप तिच्यात ठासून भरलेले, आणि मागे बाहेर आलेले. त्यातला एक बाईंच्या खांद्यात घुसला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी जबाब दिला, "पीछे एक भी बत्ती नहीं थी. गाड़ी है, यही पता नहीं चला."

ड्रायव्हर पळाला नव्हता. त्यानेच बाईंना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं आणि मग स्वतःहून ठाण्यात येऊन उभा राहिला. तिशीतला छत्तीसगढी माणूस. शर्टावर बाईंचं रक्त होतं. तो एकच गोष्ट सांगत राहिला, "साहब, बत्ती चालू करके निकला था. माल भरने के पहले मैंने खुद पीछे जाके देखा था."

पिकअपचे मालक आमच्या मराठी मंडळीत फोरमन काका म्हणून ओळखले जात. मूळचे विदर्भातले, आमच्यासारखेच. रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले. कोणाचा कूलर बिघडो, कोणाची मोटर जळो, काका पाना घेऊन हजर. गाडी टेंट हाउसला भाड्याने देत आणि तिची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करत. ठाण्यात आले ते ताठ बसले आणि ठाण्याची लिखापढी करणाऱ्या मुंशीला कळू नये म्हणून मराठीत बोलले.

"साहेब, त्याले बॅटरी वाचवाची सवय आहे. बत्ती बंद ठेवून चालवते तो. म्या कितीदा रागावलो. माझी वायरिंग पाहून घ्या, बोट ठेवाले जागा नाही सापडणार."

आम्ही वायरिंग पाहिली. परिवहन खात्याच्या निरीक्षकाने ठाण्याच्या आवारातच तपासणी केली. बटण दाबलं, मागचे दोन्ही दिवे लागले. ब्रेक दाबला, लालभडक उजेड पडला. गाडी ठणठणीत असल्याचा अहवाल आला आणि ड्रायव्हर खोटारडा ठरला. त्याला जामीनदार मिळेना. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी नाही पडत या भानगडीत." कोर्टाने त्याला जेलमध्ये पाठवलं. बाईंची तब्येत तेव्हा नाजूक होती. त्या दगावल्या असत्या तर हा माणूस आयुष्यातून उठला असता. आणि नसत्या दगावल्या तरी लायसन्स जाणार हे दिसतच होतं. गाडी चालवण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

पुढे एकदा चहाच्या वेळी एक शिपाई हसत हसत म्हणाला, "सर, वो पिकअप में तो भूत है." अपघातानंतर टेंट हाउसच्या मजुरांनी रस्त्यावरच पाइप उतरवून दुसऱ्या गाडीत भरले होते. ते सांगत होते म्हणे, की पाइप उतरले आणि पिकअपचा मागचा दिवा आपोआप लागला. आत कोणी बसलेलं नव्हतं, कोणी बटणाला हात लावला नव्हता. सगळं ठाणं खोखो हसलं.

मी कप खाली ठेवला. अरे, बटण बंद असतं तर दिवा लागला कसा असता? बटण चालूच होतं. म्हणजे पोरगा खरं बोलत होता! शहाण्यांनो, आपण गाडी रिकामी तपासली, अपघात भरल्या गाडीला झाला.

लगेच आवारात पिकअप उभी केली. जप्तीच्या मालातल्या लोखंडी सळ्या तिच्यात भरल्या, वर जाडजूड शिपाई चढवले. दिवे चालू केले. गाडी जसजशी खाली दबली तसतसा मागचा उजेड मिणमिणला आणि शेवटी गपकन गेला. "उतरो रे!" म्हटलं. शिपाई उतरले, सळ्या काढल्या, दिवे पुन्हा लागले. भूत सापडलं म्हणून पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आता ते कुठे बसलंय ते शोधायचं होतं. एका गुन्ह्यातले चार संशयित आपण वेगवेगळे बसवून विचारतो, तशी एकेक वायर सुटी करून तपासायची. वाहनशाखेचा वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन गाडीखाली शिरला, मीही टॉर्च घेऊन त्याच्या मागे शिरलो. पुन्हा सळ्या भरल्या. केबिनपाशी करंट होता. चासीच्या मध्यापर्यंतही होता. मागच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या वर मात्र नव्हता. तिथे वायरीला एक जोड होता. वायर तोकडी पडत असताना ओढून जोडलेली. गाडी रिकामी असली की आतली टोकं एकमेकांना टेकत. गाडी दबली की वायर ताणली जाई आणि टोकं टेपच्या आतल्या आत सुटत. बाहेरून काही दिसत नसे.

जोडावर काळी टेप होती आणि टेपवर मेणाचा दोरा, घट्ट गुंडाळून दुहेरी गाठ मारलेला. तो दोरा मी ओळखला. आमच्या घरच्या कूलरच्या वायरीवर अगदी तसाच होता. रायपूरच्या उन्हात टेपचा गोंद सुटतो, म्हणून वरून दोरा बांधायचा ही काकांची पद्धत. दुसरं कोणी तसं बांधत नसे. गाडीखाली पाठीवर पडल्या पडल्या मला मनापासून वाटलं, हे दुसऱ्या कोणाचं काम निघू दे.

काकांना बोलावलं. ते मुलीला घेऊन आले. ती बँकेत नोकरीला, मराठी सगळं समजायची, पण बोलायची हिंदीत. मी पंचनामा करून काढलेला वायरीचा तुकडा टेबलावर ठेवला.

"काका, हा जोड कोणाचा?"

त्यांनी तुकडा उचललाच नाही. "माझाच."

"तुम्हाले माहीत होतं?"

"भरल्या गाडीची बत्ती गेली, हे ऐकलं तवाच समजलं. उंदरानं वायर खाल्ली होती. नवा तुकडा टाकाचा, तर कंटाळा केला. ओढून जोडली."

"मग काहून नाही सांगितलं?"

त्यांनी तुकडा बोटाने दूर सारला. मग खाली बघत म्हणाले, "रेल्वेत जन्मभर पोट्ट्याइले तेच शिकवलं, साहेब. जोड ताणात ठेवू नका. ज्यानं ठेवला त्याले चारचौघांत शिव्या घातल्या. आता कोणत्या तोंडानं सांगू, का म्याच ठेवला?" आणि एकदम पुढे झुकले. "एक करा ना. लिहा, का म्या दारू पेऊन होतो. पेऊन जोड मारला."

मुलगी दचकली. "पापा! आपने कभी छुई भी है?"

"दारूचं चालते, बाई. माणूस पेला होता म्हणतात अन् विसरून जातात. असा जोड नाही विसरत कोणी."

"और वो भैया? वो जेल में बैठा है, पापा. आपके जोड़ की इज़्ज़त के लिए?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. आमचाच माणूस, आमच्याच भाषेत ठासून बोलून एका गरिबाला आत घालून गेला होता, आणि ती भाषा ठाण्यात समजणारा मी एकटाच होतो. मला मान वर करवेना. दारूचं काही लिहिलं नाही. जे घडलं तेच लिहिलं, ते वाचून दाखवलं, आणि काकांनी सही केली. गुन्ह्यात मालक म्हणून त्यांचं नाव आलं. ड्रायव्हरला सोडावं असा अहवाल मी त्याच दिवशी कोर्टात पाठवला. शिक्षिकाबाई वाचल्या, पण हात पूर्वीसारखा वर उचलता येत नाही.

या केसने मला एक शिकवलं. घाबरलेला माणूस जबाब बदलतो, घाम पुसतो, चुकतो, आणि सापडतो. लाजलेला माणूस तसं करत नाही. तो एकच वाक्य धरून ताठ बसतो, वर म्हणतो, तपासून घ्या. आपल्याला तो ताठा खरेपणा वाटतो, आणि बोलणारा आपल्यातला असला की जास्तच वाटतो. नंतर नव्या अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगत आलो, केस कोणती आणि काका कोण ते सांगितलं नाही.

सुटल्यावर ड्रायव्हर आपला मोबाइल आणि लायसन्स घ्यायला ठाण्यात आला. काका सकाळपासून बाकावर बसून होते. त्याला काय म्हणायचं ते मनात जुळवून आले असावेत, कारण तो दिसताच उठले आणि ओठ हलवू लागले. त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आधीच तो, मोठं माणूस समोर आल्यावर रोज वाकायचा तसाच, त्यांच्या पायाशी वाकून आपल्या छत्तीसगढीत पाया पडतो म्हणाला.

"पाय परत हँव, काका."

आशीर्वादासाठी काकांचा हात सवयीने वर उचलला गेला आणि त्याच्या डोक्यावर टेकायच्या आधीच थांबला. पोरगा वाकलेलाच राहिला, हाताची वाट बघत. मुंशीने आणि मी, दोघांनीही रोजनामच्याच्या नोंदवहीत डोकं घातलं.