आरशात पाहिलेलं मनगट

माझ्या धाकट्या भावाच्या सलूनमध्ये टीव्ही चुकीच्या भिंतीवर आहे. विजेचं बटण तिथंच होतं, म्हणून त्यानं तो मागच्या भिंतीला, बाकाच्या वर टांगला. खुर्चीतल्याची पाठ टीव्हीकडे, आणि बाकावरच्यांच्या तो डोक्यावर. त्यामुळे सगळे जण समोरच्या आरशात बघतात. मोटरसायकलच्या शर्यती तिथं पंधरा वर्षं अशाच, उलट्या बघितल्या जातात. डावं वळण उजवं होतं, गाड्यांवरचे आकडे उलटे येतात. आवाज बंदच असतो, कारण समालोचन परक्या भाषेत आणि कानाशी केस कापायच्या मशीनची घरघर. यानं कधी कुणाचं काही अडलं नव्हतं.

भावाचा हात मात्र सुलट होता. मी कॉलेजात गेले आणि तो वडिलांच्या खुर्चीमागे उभा राहिला, तेव्हा तो सोळाचा होता. वस्तऱ्यावर त्याचा हात इतका हलका की गिऱ्हाईक दाढी होता होता घोरायला लागे. सगळं काम उजव्या मनगटात. बोटं नुसती धरायला, असं वडील म्हणायचे.

लग्न त्यानं केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "ताई, रविवारी बायकोला वेळ कुठून देऊ?" रविवारी दुकानात त्याचं मंडळ जमायचं. गणिताचे सर कॅलेंडरच्या पाठीवर गुणांचा तक्ता मांडायचे. पोस्टमन, टायरवाला, आणि गेली दोन वर्षं माझी मुलगी. ती एकोणीस वर्षांची आहे आणि तिला मोटरसायकल हवी होती. मी म्हटलं, बघायचं तेवढं मामाकडे बसून बघ. दुकानात आहे, म्हणजे रस्त्यावर नाही, एवढाच माझा हिशोब.

या मंडळींना आपल्या बायकोचं ब्लडप्रेशर सांगता येणार नाही, पण कुठल्या रायडरची कॉलरबोन किती वेळा मोडली ते तोंडपाठ. कुणी पडला की आधी शांतता, मग सर मोठ्यानं आकडे मोजायचे. दहाच्या आत उठला तर टाळ्या. दहानंतर उठला तर जास्त टाळ्या.

गेल्या हंगामात विजेतेपदाची लढत दोघांत होती. लाल गाडीवाल्याला हे लाल्या म्हणत, निळ्या गाडीवाल्याला निळ्या. भाऊ लाल्याचा भक्त. पाच शर्यती उरल्या असताना लाल्या अकरा गुणांनी पुढं होता आणि सरावात पडला. मनगटातलं हाड मोडलं. अंगठ्याच्या मुळाशी काजूएवढं हाड असतं, तेच. दुसऱ्या दिवशी त्यात स्क्रू बसला आणि नवव्या दिवशी तो शर्यतीत उतरला. आरशात त्याच्या उजव्या हाताला पट्टी दिसली. अ‍ॅक्सिलरेटर, पुढचा ब्रेक, गाडीचा सगळा जोर त्याच हातात, आणि तोच मोडलेला! दुकानात नुसता जल्लोष झाला.

त्यानंतरच्या मंगळवारी भाऊ स्कूटरवरून ब्लेडची खोकी घेऊन येताना पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर खडीवर घसरला. उजव्या तळव्यावर पडला. उठला, खोकी गोळा केली आणि दुकानात आला. बातमी कळून मंडळही जमलं. माझ्या मुलीनं मला सगळं नकलांसकट सांगितलं.

"पुढचं चाक आधी सुटलं की मागचं?" टायरवाल्यानं विचारलं.

"पुढचं."

"मग ब्रेक उशिरा मारलास. तुझी लाइनच चुकली."

"लाइन कसली रे, समोर म्हैस होती."

"लाल्यानं म्हशीलाही आतून ओव्हरटेक केलं असतं," पोस्टमन म्हणाला.

सरांनी अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. भाऊ कळवळला. सर म्हणाले, "तेच हाड. शंभर टक्के." आणि सगळे हसले. एखादा मान मिळाल्यासारखा भाऊही हसला. लाल्याच्या हाताला दिसली होती तशी निळी पट्टी मुलीनं त्याच्या मनगटाभोवती आवळून बांधली आणि फोटो काढला.

मी बुधवारी गेले. मनगट जेमतेम सुजलेलं होतं. म्हटलं, "एक्स-रे काढून ये."

"काढला की प्लास्टर घालतील. सहा आठवडे दुकान बंद."

"मग राहू दे बंद."

"आणि चार शर्यती? ही सगळी कुठं बसतील? ताई, तो तीनशेच्या वेगानं गाडी चालवतोय या हातानं. मला नुसता कंगवा चालवायचाय."

"त्याच्या हातात स्क्रू आहे."

"आणि माझ्या हातात तुझ्या लेकीची पट्टी आहे."

मी आणखी बोलायला हवं होतं. पण घरी मुलगी एका मित्राच्या गाडीवरून फिरायला जायचं म्हणत होती, आणि रविवारी मामाकडे शर्यत आहे म्हटल्यावर तिनं ते रद्द केलं होतं. मी गप्प बसले.

सात आठवडे गेले. भाऊ वस्तरा सोडून मशीनवर आला. मग कात्री डाव्या हातात घ्यायला लागला. गिऱ्हाइकांच्या मानेवर पायऱ्या पडू लागल्या. मंडळ म्हणायचं, "लाल्यासुद्धा मागे पडलाय, पण टिकून आहे." शेवटच्या शर्यतीत निळ्या शेवटून तिसऱ्या फेरीत पडला. सरांनी आकडेही मोजले नाहीत. लाल्या विजेता झाला. भावानं खुशीत जाहीर केलं की पोस्टमनची दाढी आज फुकट, आणि तीही वस्तऱ्यानं. दुसऱ्याच फिरवणीला मनगट वळलं नाही. वस्तरा निसटला आणि पोस्टमनच्या कानाखाली दोन टाके पडले.

टाके घालणाऱ्या डॉक्टरनं भावाचाच हात धरून एक्स-रेला पाठवलं. हाडाचे दोन तुकडे, आणि एक तुकडा रक्त न पोहोचल्यानं मेलेला. "पहिल्या आठवड्यात आला असतात तर प्लास्टरवर भागलं असतं," डॉक्टर म्हणाला. ऑपरेशन झालं. मनगट आता दुखत नाही, कारण ते हलतच नाही. कायमचं आखडवून टाकलंय.

महिन्याभरानं मुलीच्या मोबाइलवर लाल्याची मुलाखत लागली होती. तो व्रण दाखवत होता. मी बघितलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. व्रण डाव्या मनगटावर होता.

"हा डावा हात आहे," मी म्हटलं.

मुलीनं मोबाइल पालथा ठेवला.

"तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या आठवड्यात कळलं. मोबाइलवर बघताना. मी सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, तक्त्यासाठी पेपरातले गुण बघताना फोटोत त्यांनाही दिसलं होतं. शेवटची शर्यत झाली की सांगू म्हणाले."

मी तशीच दुकानात गेले. खुर्चीमागे आता पगारी माणूस उभा असतो. भाऊ बाकावर होता, मंडळ त्याच्या दोन्ही बाजूंना. मी सरांना सगळ्यांसमोर विचारलं. सर चष्मा पुसायला लागले. "त्याची उमेद मोडेल असं वाटलं हो."

"उमेद कसली, सर," पोस्टमन म्हणाला. त्याच्या कानाखालचा व्रण अजून गुलाबी होता. "दुकान बंद झालं असतं तर लढत बघणार कुठं होतो? खरं ते बोला की."

पगारी माणसानं मशीन बंद केलं. मी भावाकडे बघत होते. त्यानं या सगळ्यांना हाकलून द्यावं, एकदा तरी ओरडावं, याची वाट बघत होते.

तो टायरवाल्याला म्हणाला, "सरक जरा, ताईला बसू दे." मग मला म्हणाला, "सोड ना. आता रविवारीही कुणी आलं नाही तर मी करू काय?"

"आणि तू?" मी विचारलं. "तुला कुणी सांगितलं असतं तर गेला असतास?"

"गेलो असतो," तो म्हणाला. "डावा आहे कळलं असतं तर त्याच दिवशी गेलो असतो."

त्यानं ते रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. एवढं म्हणून त्यानं आरशात पाहिलं. नवा हंगाम सुरू व्हायचा होता, गाड्यांची चाचणी चालू होती. सरांनी कोरं कॅलेंडर पालथं घातलं. मुलगी माझ्या मागोमाग आली होती, ती मामाच्या पायाशी स्टुलावर बसली. तिला उठवून घरी न्यावं असं मनात आलं. पण घरी नेलं तर ती त्या मित्राच्या गाडीवर जाईल.

मी तिला तिथंच ठेवून आले.