उगवतीचा कोपरा

राजेश्रीकडे दोनशे पानी वही होती. तिच्यात फक्त तापमानाचे आकडे होते. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. गच्चीचे चार कोपरे. ती पालम तालुक्यातल्या एका शाळेत शिकवायची. पहाटेच्या एसटीने जायची. म्हणून सकाळचे आणि दुपारचे आकडे बहुतेक रविवारचे आणि सुट्टीचे. असं वर्षभर चाललं. कुणी विचारलं नाही. थोरली जाऊ कडूबाई मात्र जिन्याखालून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची.

"मास्तरीणबाई गच्चीचा ताप बघायला गेल्या. गोळी देतेत का बगा."

ताप बघायचा होता तो ऑर्किडसाठी. राजेश्रीकडे सात झाडं होती. पहिलं झाड सीतेची वेणी. कोकणातल्या एका मैत्रिणीने वाऱ्याने पडलेल्या फांदीवरून सोडवून दिलेलं. चार वर्षं ते जगलं, पण फुललं नाही. बाकीची सहा तिने एकेक करून आणली. उन्हाळ्यात ती सगळी झाडं न्हाणीत राहायची. न्हाणीला एकच खिडकी. अंघोळीला जाताना परमेश्वर, तिचा नवरा, आधी कुंड्या बाहेर काढायचा. तो कधी कुरकुरला नाही. तो कशालाच कुरकुरत नसे.

तिला त्यांच्यासाठी घर बांधायचं होतं. आठ फूट बाय सहा फूट. वेल्डर म्हणाला, "ग्रीनहाऊस म्हणल्यावर वरून प्लास्टिक पायजे, बाई."

"प्लास्टिक थंड मुलखात," ती म्हणाली. "इथं प्लास्टिक टाकलं की झाडं उकडून निघतेल."

तिने त्याला कागदावर काढून दाखवलं. वर हिरवी जाळी. तिच्यावर एक फूट सोडून दुसरी जाळी, म्हणजे मधून गरम हवा निघून जाईल. खाली वाळू आणि विटांचे तुकडे, दिवसातून तीनदा भिजवायचे. एका बाजूला कूलर, समोरची बाजू मोकळी. बोअरचं पाणी वर्ज्य. त्याच्यातल्या क्षाराने पानांवर पांढरी पुटं चढतात. पावसाचं पाणी टाकीत साठवायचं.

वेल्डरने कागद उलटसुलट करून पाहिला. "एवढं तर माझ्या म्हशीलाबी न्हाई," तो म्हणाला. पण सांगाडा मापात केला.

माप उगवतीच्या कोपऱ्याचं होतं. वही हेच सांगत होती. तिथे सकाळचं ऊन यायचं. बारा वाजता जिन्याच्या खोलीची सावली पडायला सुरुवात व्हायची आणि मग दिवसभर हलायची नाही. मे महिन्यात दुपारी दोनला मावळतीकडे एक्कावन्न, उगवतीकडे बेचाळीस. नऊ अंशांत सात झाडांचा जीव होता.

गच्ची दोघा भावांची. खाली थोरला मुंजाजी आणि कडूबाई, वर परमेश्वर आणि राजेश्री. पण होळी झाली की मृगापर्यंत गच्ची कडूबाईची, हे ठरलेलं होतं. कधी ठरलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुरडया, पापड, सांडगे. जुन्या लुगड्यांवर सगळी गच्ची पांढरी व्हायची. यंदा तर पिंकीचं, तिच्या लेकीचं, लग्न होतं. रुखवताच्या कुरडया वेगळ्या.

"तुझ्या कूलरच्या ओलीनं माझ्या कुरडयाला वास मारंल," कडूबाई म्हणाली.

"मी एकाच कोपऱ्यात ऱ्हाते, बाई."

"ओल काय कोपरा बघून थांबती? आन् कशासाठी, तर बांडगुळासाठी."

"बांडगूळ झाडाचा रस पितं. हे नुसतं बसतं."

"मंग तर तुझ्यासारखंच," कडूबाई म्हणाली आणि सोऱ्या दाबला.

एप्रिलमध्ये राजेश्रीने पंधरा दिवस करून पाहायचं ठरवलं. सांगाडा अजून रोवला नव्हता. चार बांबू, वर जाळी, खाली टांगलेली सात झाडं. नवव्या दिवशी सीतेच्या वेणीच्या पानाच्या बगलेतून बोटभर तुरा आलेला दिसला. चार वर्षांत पहिला. तिने वहीत आकड्यांशेजारी पहिल्यांदा एक शब्द लिहिला. तुरा.

बाराव्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर पालमला प्रशिक्षण होतं. ती पाच वाजता घरी आली. पर्ससकट गच्चीवर गेली.

बांबू रिकामे होते. जाळी कुरडयांवर अंथरलेली होती, चारी टोकांवर विटा. झाडं मावळतीच्या कठड्यावर ओळीने मांडली होती. पानं उकडलेल्या भाजीसारखी लोळत होती. तुरा काळा पडला होता.

कडूबाई कुरडया उलटत होती.

"वारं लय सुटलं," ती मान वर न करता म्हणाली. "चिमण्याबी लय. जाळी पायजे होती."

"झाडं?"

"बांबूला दोरी बांधायची होती. उन्हात ठिवली. झाडाला ऊन लागतंच की. तूच शिकवतीस ना पोरांना?"

राजेश्रीने पर्स खांद्याला अडकवली. सात कुंड्या दोन खेपांत खाली नेल्या. आठ दिवसांत पाच मेल्या. वेणी आणि एक छोटं डेंड्रोबियम राहिलं. वेणीला एक पान होतं.

त्यानंतर घरात भांडी मोठ्याने ठेवली जाऊ लागली. कुणी टाकी भरल्याचं सांगेना. टाकी वाहून जिन्यातून पाणी खाली आलं. मग मुंजाजी म्हणाला, "खामखा रोजची कटकट. वाटे पाडू."

रविवारी सकाळी त्याने चुन्याची फक्की आणली. जिन्याच्या दारापासून समोरच्या कठड्यापर्यंत पांढरी रेघ ओढली. उगवतीचा एक वाटा, मावळतीचा एक.

"थोरल्यानं पाडायचं, धाकट्यानं उचलायचं," तो म्हणाला. "बापाच्या वेळंपासून तसंच हाय. उचल, परमेश्वर."

परमेश्वरने राजेश्रीकडे पाहिलं. "हिलाच इचारा. हिचंच काम हाय."

विचारण्यासारखं काही नव्हतं. कडूबाईने आपल्या विटा आणि दोऱ्या आधीच मावळतीकडे सरकवल्या होत्या. तिला दिवसभर ऊन हवं होतं. राजेश्रीला सावली. रेघ दोघींच्याही मनासारखी पडली होती. इतकी वर्षं एका घरात राहून त्या दोघींचं पहिल्यांदा काहीतरी जमत होतं.

"घ्या तुमचा सावलीचा तुकडा," कडूबाई म्हणाली. "बसा त्याला कवटाळून."

हिरवी जाळी तिच्या खांद्यावर होती. घडी केलेली. तिला ती परत द्यायची असावी, किंवा नसावी.

राजेश्रीच्या हातात वही होती. तिच्यातला एकमेव शब्द, तुरा, तिला पाठ होता. ती बोलायला गेली तेव्हा तिलाच वाटलं होतं की तोंडातून उगवत निघेल.

"मावळतीचं," ती म्हणाली.

मुंजाजीच्या हातात फक्कीची पिशवी तशीच राहिली.

"अगं, तुझी झाडं..." परमेश्वर म्हणाला.

"मावळतीचं."

कडूबाईने जाळी मावळतीच्या वाट्यात टाकली आणि एकेक वीट उचलून उगवतीकडे न्यायला लागली. तिला कुणी मदत केली नाही. तिने मागितलीही नाही.

मे उजाडला. सांगाडा मावळतीच्या कठड्याला टेकवून पडला होता. दुपारी त्याला हात लावता येत नसे. तिथे घर उभं राहणार नाही, हे राजेश्रीला सगळ्यांत आधी माहीत होतं. दोन्ही झाडं न्हाणीत परत गेली. परमेश्वर त्यांना बाहेर काढून अंघोळ करायचा. उगवतीकडे कडूबाईचे उडदाचे पापड दुपारनंतर सावलीत पडायचे. दोन-तीन दिवसांनीही ते मऊच असायचे. एका घाण्याला बुरशी आली. लग्न बारा दिवसांवर होतं.

एका दुपारी पिंकी वर आली. रेघेच्या आपल्या, उगवतीच्या बाजूलाच थांबली.

"काकू, आई म्हणायली, पापड दोन दिस तुमच्या अंगाला, मावळतीकडं, वाळू घालू का? आन् झाडं इकडं सावलीला आणा म्हणायली. जाळी बांधू लागते म्हणली."

राजेश्री थर्मामीटर हातात घेऊन उभी होती. तिच्यापुढे मावळतीचा सगळा वाटा होता. भट्टीसारखा तापलेला, झाडलेला, रिकामा. कठड्याच्या कडेला सांगाडा आणि जाळीची घडी, एवढंच.

"जागा न्हाई म्हणावं," ती म्हणाली.

पिंकीने त्या रिकाम्या फरशीकडे पाहिलं. मग काकूकडे. मग ती खाली गेली.

खालून काही आवाज आला नाही. राजेश्री वाट पाहत थांबली. कडूबाई काहीतरी लागट बोलेल असं तिला वाटलं होतं. तिला ते हवं होतं.

दोन वाजले. तिने वही उघडली. मावळत, दोन, एक्कावन्न. पाय भाजायला लागले तशी ती जिन्याकडे वळली, आणि पांढऱ्या रेघेवर पाय पडणार नाही अशी, कडेकडेने, खाली उतरली.